घोड्याची टाच

घोड्याचा मागचा पाय गुडघ्यात उलटा वाकतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणास वाटत नाही. चौकातील अश्वारूढ पुतळा पाहावा, नांगराचा बैल पाहावा, अगर दारातला कुत्रा पाहावा. मागच्या पायाच्या मध्यावर एक ठळक कोन दिसतो आणि त्याचे टोक शेपटीच्या दिशेने असते. माणसाच्या गुडघ्याचे टोक पुढे असते. तेव्हा जनावराचा गुडघा उलटा, हा निष्कर्ष डोळ्यांना सरळ वाटतो. वस्तुतः तो कोन गुडघ्याचा नाहीच. ती जनावराची टाच आहे. खरा गुडघा तिच्या बराच वर, पोटाच्या कडेला, कातडीखाली दडलेला असतो. तेथे आपल्यासारखीच वाटी असते आणि त्याचे टोक आपल्या गुडघ्यासारखेच पुढे असते.

ही गोष्ट आज पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु ती नीट उमगण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला. सुमारे चार हजार वर्षे माणूस घोड्याच्या जोरावर लढला, राज्ये मिळवता आणि गमावता झाला, आणि हा जोर मुख्यतः मागच्या पायांचा होता. पुढचे पाय शरीराचा अधिक भार तोलतात. शरीर पुढे ढकलण्याचे काम मागच्यांचे. घोड्याला गळ्याचे हाड नाही. त्याचा पुढचा पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेला असतो. मागचा पाय मात्र खुब्याच्या सांध्याने कटीच्या हाडाशी आणि तेथून पाठीच्या कण्याशी हाडाला हाड भिडवून जोडलेला आहे, म्हणून खुराने जमिनीला दिलेला रेटा थेट कण्यापर्यंत पोचतो. इतक्या मोलाचा हा अवयव माणसाच्या डोळ्यांसमोर अष्टौप्रहर असताना त्याची रचना कळण्यास एवढा विलंब का लागला, आणि त्या विलंबाची किंमत कोणी दिली, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्या पायाची ओळख करून घेऊ. त्यासाठी घोडा समोर असण्याची गरज नाही. आपलाच पाय पुरे. उभे राहून टाच उचलावी आणि चवड्यावर तोल सांभाळावा. कुत्रा व मांजर नेहमी असेच उभे असतात. मागच्या पायाच्या चार बोटांवर त्यांचा भार असतो आणि टाच वर अधांतरी राहते. आता चवडाही उचलून केवळ दोन बोटांच्या नखांवर उभे राहिल्याची कल्पना करावी; तो झाला गाईबैलांचा पाय. दुभंगलेला खूर म्हणजे ही दोन बोटांची दोन नखे होत. शेवटी मधल्या एकाच बोटाच्या नखावर सारे शरीर तोललेले कल्पावे, तो घोडा. घोड्याची टाप म्हणजे मधल्या बोटाचे वाढलेले, कठीण झालेले नख. टापेपासून टाचेपर्यंत जी लांब सरळ नळी दिसते ते आपल्या तळपायातील एकाच हाडाचे मोठे रूप आहे. टाचेच्या वर नडगी, नडगीच्या वर गुडघा, गुडघ्याच्या वर मांडी आणि मांडीच्या शेवटी खुबा, असा क्रम आपल्यासारखाच चालतो.

टाचेच्या सांध्यात माणसाला सात लहान हाडे असतात. कुत्र्यालाही सातच. घोड्यात त्यांतील दोन एकत्र मिसळून सहा झाली आहेत, आणि गाईबैलांत दोन जोड्या मिसळून पाच उरली आहेत. नावे बदलली, आकार बदलले, काही हाडे एकजीव झाली, तरी मांडणी एकच आहे. या एकाच मांडणीपर्यंत पोचण्याचा इतिहास म्हणजे आपला आजचा विषय होय.

प्राचीन काळी जनावराचा पाय जाणणारी माणसे नव्हती असे मुळीच नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोडा पारखताना आरंभ पायांपासून करावा असे सांगितले आहे; पाया कच्चा असेल तर वरचे घर कितीही सुंदर असून निरुपयोगी, हा त्याचा दृष्टान्त आहे. आपल्याकडील कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणी उत्तम घोड्याचे मुख बत्तीस अंगुळे, लांबी मुखाच्या पाचपट, जंघा वीस अंगुळे आणि उंची जंघेच्या चौपट असे माप दिलेले आहे. म्हणजे अश्वशरीर प्रमाणबद्ध असते आणि एका अवयवावरून दुसऱ्याचे माप ठरवता येते, ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशी दोन्हींची व्यवस्था केल्याचे कोरलेले आहे. पुढे शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची परंपराच निर्माण झाली. जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सित हे तिच्यातील प्रसिद्ध ग्रंथ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने आपल्या मानसोल्लासात हत्तीघोड्यांना प्रशस्त जागा दिली. घोड्यांच्या वैद्याला मराठीत सालोत्री म्हणतात, तो शब्द शालिहोत्राचेच नाव अंगावर वागवीत आला आहे.

तथापि या सर्व ज्ञानाचा रोख बाहेरून दिसणाऱ्या घोड्याकडे होता. घोडा विकत घेणाऱ्याला त्याच्या अंगावरील भोवरे पाहावयाचे होते, गळ्यावर देवमण आहे की नाही, तो पंचकल्याणी आहे की कसे, हे पाहावयाचे होते. चाल, छाती, पुठ्ठे, खूर यांची पारख अनुभवी डोळ्याला उत्तम होती, आणि तिच्यात खरे मर्मही होते. पण कातडीच्या आत शिरून एकेक हाड मोकळे करून पाहावे ही निकड या परंपरेत सहसा दिसत नाही. यात आपलेच काही उणे होते असे समजू नये. ग्रीसचा थोर निरीक्षक ॲरिस्टॉटल याने चतुष्पाद प्राण्यांचे पुढचे पाय एका दिशेने व मागचे दुसऱ्या दिशेने वाकतात असे लिहिले. म्हणजे टाचेच्या कोनालाच पाय वाकण्याची मुख्य जागा समजण्याची चूक त्याच्या हातूनही झाली. त्याहून मनोरंजक गोष्ट त्याच टाचेतील एका हाडाची आहे. मेंढीच्या किंवा बकरीच्या टाचेतील वरचे हाड आटोपशीर, चौकोनी घडणीचे असते. ते टाकले असता चार बाजूंपैकी एका बाजूवर पडते. ग्रीक व रोमन लोक त्याचे फासे करून खेळत असत, आणि मंगोलियात ही खेळाची हाडे आजही मुलांच्या हाती असतात. या फाशाचे हाड दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना असते, एकखुरी प्राण्यांना बहुधा नसते, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. घोड्याला ते हाड असते. परंतु त्याची खोबणी तिरपी आणि खोल असल्याने त्याचा फासा होत नाही. फाशाच्या रूपात जे हाड ओळखीचे झाले होते ते रूप पालटताच ओळखू आले नाही.

गंमत अशी की, मोडण्याचे ज्ञान घडवण्याच्या ज्ञानाच्या फार आधी आले. टाचेच्या हाडाचे टोक मागे निघालेले असते आणि पोटरीचा सगळा जोर एका जाड दोरीसारख्या शिरेतून त्या टोकावर ओढला जातो. मराठीत हिला धोंडशीर म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाला जसा दांडा, तसे पायाला हे टाचेचे टोक. दांडा जितका लांब तितका ओढ्याचा जोर अधिक. ही शीर तुटली की घोडा उभाच राहू शकत नाही. बायबलच्या जुन्या करारात जिंकलेल्या शत्रूच्या रथाच्या घोड्यांच्या धोंडशिरा तोडल्याचे उल्लेख आहेत. कोणत्या जागी घाव घातला असता घोडा कायमचा बसतो हे योद्ध्याला हजारो वर्षांपूर्वी कळले होते. ती जागा म्हणजे टाच, हे मात्र त्याला कळले नव्हते, आणि कळण्याची गरजही नव्हती.

ज्यांची उपजीविका घोड्यावर होती त्यांना ती गरज होती. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे; शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. तो घोडा हेच त्याचे भांडवल, त्याचीच हजेरी लागे, आणि त्याच्याच मोलाने घराची चूल पेटे. असा घोडा मागच्या पायाने लंगडू लागला की शिलेदाराचा संसार लंगडा होई. ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन्ही राज्यांचा पाया अशा घोडदळाने घातला, हे तेथील वाचकांना सांगावयास नको. १७६१ सालच्या पानिपतावरून माघार घेताना महादजी शिंदे यांच्या पायावर वार बसला आणि ते जन्माचे लंगडे झाले. त्या लंगड्या पायानिशी त्यांनी पुढे तीन दशके उत्तर हिंदुस्थानचे राजकारण आपल्या मुठीत ठेवले. घोड्याला ही सवलत नाही. एक पाय गेलेला घोडा बहुधा सारे आयुष्य गमावून बसतो, कारण त्याला दीर्घकाळ आडवे ठेवता येत नाही आणि उरलेल्या तीन पायांच्या टापांवर अवजड शरीराचा भार सोसवत नाही.

ज्या १७६१ साली पानिपत झाले, त्याच वर्षी फ्रान्समध्ये पशुवैद्यकाची दिशा बदलणारी एक घटना घडली. पण तिच्याकडे जाण्यापूर्वी दोन व्यक्तींना भेटले पाहिजे. त्यांपैकी एकही वैद्य नव्हता.

पहिला इटलीतील बोलोन्या शहराचा कार्लो रुईनी. हा कायद्याचा जाणकार, नगराच्या सिनेटचा सभासद आणि घोड्यांचा शौकीन होता. १५४३ साली वेसेलियसने मानवी शरीररचनेवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करून, प्राचीन वैद्य गेलनने जनावरे कापून माणसाविषयी काढलेली अनुमाने किती ठिकाणी चुकली हे दाखवून दिले होते. त्यानंतर अर्ध्या शतकाने रुईनीने तीच चिकाटी घोड्याकडे वळवली. १५९८ साली त्याचा अश्वशरीरावरील ग्रंथ छापून निघाला आणि त्याच वर्षी तो मरण पावला. माणूस वगळता एकाच प्राण्याच्या शरीररचनेला सर्वस्वी वाहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ समजला जातो. त्यातील लाकडी ठशांची चित्रे पुढे शंभर वर्षे युरोपभर उचलली गेली. १६८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्नेप याने काढलेल्या पुस्तकातही त्यांचाच आधार होता.

दुसरा इंग्लंडचा चित्रकार जॉर्ज स्टब्ज. १७५६ च्या सुमारास लिंकनशायर परगण्यातील हॉर्कस्टो या खेड्यात एक शेतघर घेऊन हा मनुष्य मेरी स्पेन्सर या सहकारिणीसह सुमारे अठरा महिने मृत घोडे घेऊन बसला. छताच्या कड्यांना लोखंडी दांडा टांगून त्यावर घोड्याचे कलेवर उभ्या स्थितीत लटकवावयाचे, जणू ते चालत आहे अशी पायांची ठेवण करावयाची, आणि मग त्वचेपासून हाडापर्यंत एकेक थर उतरवीत चित्रे काढावयाची, असा त्याचा क्रम होता. दुर्गंधीने आणि किळसेने दुसरा कोणी तेथे टिकला नसता. चित्रे घेऊन तो लंडनला गेला तेव्हा ती ताम्रपटावर कोरण्यास कोणी कारागीर तयार होईना. अखेर त्याने स्वतःच्या हाताने ती कोरली आणि १७६६ साली अठरा चित्रपटांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील तीन चित्रे केवळ सांगाड्याची आहेत; बाजूने, पुढून आणि मागून पाहिलेला घोडा. मागून काढलेल्या चित्रात टाचेचे उंच टोक, तिच्या खालची बारकी हाडे आणि नळीच्या दोन अंगांना लागलेल्या दोन सुईसारख्या काड्या अशा स्वच्छ दिसतात की आजच्या विद्यार्थ्यानेही ते चित्र समोर ठेवावे. या दोन काड्यांचे रहस्य पुढे येणार आहे.

आता फ्रान्सकडे येऊ. गुरांच्या साथींनी त्या काळी युरोप हैराण झाला होता. लिआँ शहरातील अश्वारोहण शाळेचा प्रमुख क्लोद बूर्जला याने राजाज्ञा मिळवून १७६१ साली पशुवैद्यकाच्या शाळेची उभारणी केली आणि पुढच्या वर्षी तिचे वर्ग सुरू झाले. जगातील ही पहिली पशुवैद्यकीय शाळा होय. पॅरिसजवळची आल्फोर येथील शाळा त्यानंतर थोड्याच वर्षांत निघाली. बूर्जला घोड्याच्या डोक्याची लांबी हे माप धरून सर्व शरीराची प्रमाणे ठरवीत असे. कौटिल्याने मुखावरून लांबी आणि जंघेवरून उंची मोजली, तीच ही रीत. फरक इतकाच की बूर्जलाच्या विद्यार्थ्यांना माप घेतल्यावर सुरीही उचलावी लागे.

या नव्या विद्येची कसोटी एका विख्यात घोड्यावर लागली. १७६४ साली जन्मलेला एक्लिप्स हा इंग्लंडचा शर्यतीचा घोडा अठरा शर्यतींत एकदाही हरला नव्हता. १७८९ साली तो मेला तेव्हा सँबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे विच्छेदन करून त्याच्या शरीराची मापे बूर्जलाच्या कोष्टकाशी ताडून पाहिली. आदर्श घोड्याची म्हणून जी प्रमाणे ग्रंथात होती ती या अजिंक्य घोड्याला अनेक ठिकाणी लागू पडेनात. ग्रंथापेक्षा हाड खरे, हा धडा त्यातून मिळाला. १७९१ साली लंडनमध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले आणि हाच सँबेल त्याचा पहिला प्राध्यापक झाला. एक्लिप्सचा सांगाडा पुढे त्याच संस्थेत आला. लिआँमध्ये शिकलेला विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ साली कंपनी सरकारच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा प्रमुख होऊन हिंदुस्थानात आला. फौजेसाठी चांगले घोडे मिळवण्याच्या ध्यासात तो लडाख ओलांडून बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर मरण पावला.

येथवर घोड्याची हाडे मोजून झाली, रेखाटून झाली. त्यांचा अर्थ लागावयाचा होता. तो लागला तुलनेने. १५५५ साली पिअर बलाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापून सारख्या हाडांना सारखी अक्षरे दिली होती. ती कल्पना पूर्णत्वास नेली रिचर्ड ओवेन याने. १८४९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने हातापायांच्या स्वरूपावर एक व्याख्यान दिले आणि तेच पुढे पुस्तकरूपाने आले. हाडाचा आकार कोणता, काम कोणते, यावरून त्याची ओळख ठरवू नये; ते कोणत्या हाडांच्या शेजारी बसले आहे यावरून ठरवावी, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ होता. या कसोटीने पाहिले की शंका उरत नाही. ज्या सांध्याच्या वर नडगी आहे, खाली तळपायाची हाडे आहेत आणि मागे पोटरीची शीर ज्याच्या टोकाला येऊन मिळते, तो सांधा टाचेचाच. घोड्याच्या पुढच्या पायाचा म्हणून जो ‘गुडघा’ आपण दाखवतो तो याच न्यायाने त्याचे मनगट ठरतो.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. माणसाला पाच बोटे, कुत्र्याच्या मागच्या पायाला चार, बैलाला दोन आणि घोड्याला एक, असे का? ओवेनच्या मते यामागे एक आदर्श आराखडा होता. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आल्यावर दुसरे उत्तर पुढे आले. आराखडा एक आहे कारण पूर्वज एक आहे. याचा साक्षीदार घोड्याचा मागचा पायच झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मार्श याने पश्चिमेकडील खडकांतून प्राचीन अश्वांच्या हाडांचा मोठा साठा जमवला होता. १८७६ साली इंग्रज शास्त्रज्ञ हक्सले तेथे गेला, ती हाडे स्वतः पाहिली आणि न्यूयॉर्कच्या व्याख्यानांत तीच पुराव्यादाखल पुढे केली. त्याच साली मार्शने ज्याला ‘उषःकालीन अश्व’ अशा अर्थाचे नाव दिले तो प्राणी सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, कोल्ह्याएवढा, पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटे असलेला होता. पुढच्या काळातील अश्वांत बाजूची बोटे आखूड होत गेली आणि मधले वाढत गेले. आपल्याकडील शिवालिक टेकड्यांतही, फॉल्कनर व कॉटली यांनी १८३० नंतरच्या दशकात जेथे जीवाश्मांचे भांडार उघडले त्या थरांतून, तीन बोटांच्या अश्वांची हाडे मिळाली आहेत. स्टब्जच्या चित्रातील त्या दोन सुईसारख्या काड्या म्हणजे या लुप्त झालेल्या दोन बोटांची उरलेली हाडे. चित्रकाराने शंभर वर्षे आधी त्या प्रामाणिकपणे काढून ठेवल्या, त्याला त्यांचा अर्थ ठाऊक नसताना.

रचना कळली, तरी हालचाल कळावयाची राहिली होती. धावता घोडा चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून, पोट जमिनीला समांतर असा काढीत. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांवर मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून क्षणाक्षणाची छायाचित्रे घेतली. चारी पाय जमिनीपासून सुटतात हे खरे, पण त्या क्षणी ते ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, असे दिसून आले. शेकडो वर्षांची चित्रे एका दिवसात जुनी झाली.

या पायातील काही योजना मोठ्या विलक्षण आहेत. घोड्याचा गुडघा आणि टाच यांना पुढून व मागून अशा दोन दोऱ्यांसारख्या बंधांनी बांधले आहे की एक वाकला की दुसरा वाकलाच पाहिजे. खुब्याच्या सांध्यात घोड्याला एक जादा बंध असतो. त्यामुळे त्याचा मागचा पाय बाजूला फारसा फाकत नाही. बैलाला तो नाही, म्हणून बैल बाजूने लाथ झाडतो आणि घोडा मागे. तिसरी योजना गुडघ्याची. घोड्याच्या वाटीला खाली तीन बंध आहेत. उभा असताना तो वाटी किंचित वर उचलून आतल्या बंधाचा फास मांडीच्या हाडाच्या कंगोऱ्यावर अडकवतो. दाराला खिट्टी घालावी तसा पाय ताठ राहतो आणि स्नायूंना विश्रांती मिळते. म्हणूनच घोडा एक मागचा पाय सैल सोडून, दुसऱ्या पायाला खिट्टी घालून उभ्याउभ्या डुलकी काढू शकतो.

आता विलंबाच्या किमतीकडे येऊ. मागच्या पायाचे दुखणे बहुधा टाचेत असते. टाचेच्या सांध्यात एकावर एक चार थर आहेत. हालचाल जवळजवळ सगळी वरच्या थरात होते. खालचे थर केवळ दणका झेलतात. अतिश्रमाने खालच्या थरांतील कूर्चा झिजते, आतल्या बाजूस हाडाची गाठ येते आणि घोडा लंगडतो. उत्तरेकडील सालोत्री यास हड्डा म्हणत. गाठ दिसे, आतले कारण दिसत नसे. त्यावर उपाय एकच होता, तापलेल्या लोखंडाने डाग देणे. युरोपातही शतकानुशतके हाच उपाय चालला, आणि आपल्या खेड्यांतून जनावरांच्या लंगड्या पायांवर डागण्या आणि बिब्बे यांचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. काही घोडे काही महिन्यांनी बरे होत आणि श्रेय डागणीला जाई. खरे कारण असे होते की खालच्या थरांतील झिजलेली हाडे कालांतराने आपोआप एकजीव होतात. मुळातच न हलणारा सांधा सांधला गेला की वेदना थांबते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागल्यावर जिवंत जनावराच्या सांध्यात हे पाहता येऊ लागले. कंडरांच्या दुखापतीसाठी दिलेल्या डागण्यांचा कसून अभ्यास ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा डागणीने दुखापत लवकर भरून येते याला आधार मिळाला नाही. म्हणजे हजारो जनावरांनी जो जाळ सोसला तो बहुतांशी निष्फळ होता, आणि तो देणारे हात दुष्ट नव्हते, अजाण होते.

आपल्या प्रदेशात ही विद्या लष्कराच्या वाटेने आली. पुण्यास १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. १८८६ साली मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास, १८८७ मध्ये, जयदत्ताचे अश्ववैद्यक कलकत्त्यास छापून निघाले, आणि हत्तींच्या वैद्यकावरील पालकाप्याचा ग्रंथ १८९४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने प्रसिद्ध केला. जुनी पोथी आणि नवी शस्त्रक्रिया एकाच पिढीच्या हाती आली. दोघींची गाठ पडून मराठीत एक भक्कम पशुशारीर उभे राहावयास हवे होते; ते काम अद्यापि पुरे झालेले नाही. शेतकऱ्याच्या तोंडी खुबा, वाटी, नडगी, धोंडशीर हे नेमके शब्द आहेत आणि डॉक्टरांच्या तोंडी लॅटिन नावे आहेत. दोघे एकाच बैलाजवळ उभे राहून दोन भाषांत बोलतात.

याचा परिणाम कसा होतो याचे एक उदाहरण देऊन थांबतो. बैलांत आणि म्हशींत एक विकार आपल्याकडे वारंवार आढळतो. जनावर उठून चालू लागते तेव्हा मागचा पाय ताठ होऊन मागेच राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासत जाते, आणि मग झटका बसून पाय एकदम पुढे येतो. मालक वाताचा विकार समजतो, नजर लागली म्हणतो, टाचेवर नाहीतर खुब्यावर डागणी देतो. दोष त्या दोन्ही जागी नसतो. घोड्याला जी खिट्टी विश्रांतीसाठी लाभली आहे तशीच गुडघ्याची वाटी या जनावरांत नको तेव्हा अडकून बसते. पशुवैद्य ती जागा बधिर करून, लहानसा छेद घेऊन वाटीचा आतला बंध तोडतो. काम काही मिनिटांचे असते, आणि बरीचशी जनावरे त्याच वेळी मोकळी चालू लागतात. यासाठी अट एवढीच की गुडघा कोणता आणि टाच कोणती हे डागणी तापवण्यापूर्वी कोणीतरी मालकाला दाखवून दिलेले असावे.